अरुंधती कुठल्या अंगाला?

आपण जेवताना, झोपताना, भांडताना, अगदी लग्नाच्या पंगतीत जिलेबी मोडतानासुद्धा कुठल्यातरी मेलेल्या ताऱ्याचा चुरा आपल्या अंगातून आरपार जात असतो, ही गोष्ट मनापासून पटलेला आणि तरीही दोन्ही वेळा चवीनं जेवणारा माणूस सबंध पुणे जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या ताईचा सासरा आहे. माझं बारामतीत चष्म्याचं दुकान आहे. डोळे मिचकावणारी, डोळे वटारणारी, नंबर वाढला म्हणून माझ्यावरच डोळे काढणारी नाना तऱ्हेची माणसं मी दिवसभर बघतो. पण असा नमुना काही दुकानाची पायरी चढून आला नाही. तो सोयरीक करूनच मिळवावा लागला.

ताईचं स्थळ ठरत होतं तेव्हा वडिलांनी मध्यस्थाला विचारलं, "मुलाचे वडील काय करतात?" मध्यस्थ म्हणाला, "वालचंदनगरला कारखान्यात फोटो काढतात." आम्हाला वाटलं, साहेबलोकांचे, गणपतीचे, निरोपसमारंभाचे फोटो काढत असतील. बैठकीत वडील भिडेखातर म्हणाले, "मग लग्नाचे फोटो तुम्हीच काढा की!" मुलाचे वडील, म्हणजे तात्या, गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "काढतो की. पर मंडपातली समदी माणसं पार रस्त्याच्या पल्याड न्यावी लागत्याल." मग उलगडा झाला. दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात तसा हे गृहस्थ लोखंडाचा फोटो काढायचे. वीतभर जाडीच्या पत्र्यांचे जोड आतून पक्के बसलेत का, हे बघायला किरण सोडायचे, आणि ते किरण सोडणारा वाटाण्याएवढा तुकडा शिशाच्या पेटीत बंद असायचा. फोटो काढायच्या आधी भोवती दोर बांधायचा, लाल झेंडे लावायचे, माणसं लांब हाकलायची, मगच पेटी उघडायची. नोकरीभर तात्यांनी हेच केलं, आणि त्यांच्या खिशाला लावलेल्या, अंगावर आलेले किरण मोजणाऱ्या बिल्ल्यानं एकदाही तक्रार केली नाही, याचा त्यांना पोराच्या लग्नापेक्षा जास्त अभिमान आहे.

या नोकरीनं त्यांना तीन शब्द दिले: वेळ, अंतर, आडोसा. किरणांजवळ थांबायचं तर वेळ कमी, अंतर जास्त, आणि मध्ये आडोसा. कारखान्यात हा नियम सगळेच पाळत. तात्यांनी तो घरी आणला. आमचे एक मामा आहेत, त्यांना बांधावरच्या वादाची हकीकत पहिल्यापासून सांगायची खोड आहे. ते पहिल्यांदा तात्यांच्या घरी, निमगाव केतकीला, आले तेव्हा तात्यांनी त्यांना ओसरीच्या एका टोकाला बसवलं, स्वतः दुसऱ्या टोकाला बसले, आणि गड्याला सांगून मधोमध डाळिंबाचे क्रेट एकावर एक रचून घेतले. मामा क्रेटच्या वरून मान काढून बोलत राहिले. तात्या अधूनमधून "व्हय, व्हय" म्हणत होते आणि दर "व्हय"ला एक क्रेट वाढत होता.

माईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, राग हा तर त्यांच्या अभ्यासाचा विषय. माई तशा मायाळू, पण पेटल्या की ऐकू शेजारच्या वस्तीपर्यंत जातं. असं काही झालं की तात्या चपला घालून शेततळ्याच्या बांधावर जाऊन बसतात. मी एकदा विचारलं, "तात्या, परत कधी जायचं हे कसं कळतं?" तर म्हणाले, "पाव्हणं, कुठला बी उगम असू द्या, त्याची ताकद ठरल्या वक्ताला निम्मी हुती. हिचा राग दुपारच्या चहाला निम्मा, दिवेलागणीला पावशेर. त्या पावशेराला माणूस मरत न्हाय." आणि खरोखरच दिवेलागणीला ते घरी जातात, पावशेर खातात, आणि वर जेवतात.

लाल-पांढऱ्या पट्टीचं एक भलंमोठं भेंडोळं निवृत्तीच्या वेळी त्यांच्याबरोबर घरी आलं. कुकर लावला की स्वयंपाकघराच्या दाराला पट्टी. मिरच्या कुटायला घेतल्या की अंगणाला पट्टी. ताईनं लग्नानंतर पहिल्यांदा पुरणपोळ्या केल्या तेव्हाही चुलीभोवती पट्टी दिसली म्हणून ती रडकुंडीला आली. श्रवणदाजींनी, म्हणजे माझ्या मेव्हण्यांनी, समजूत काढली, "अगं, तो मान आहे. ज्यात ताकद असते त्यालाच ते पट्टी लावतात."

पोराचं नाव श्रवण आणि पोरीचं रोहिणी, दोन्ही नावं आभाळातून उतरवलेली. आभाळाचा नाद त्यांना एका साहेबांमुळे लागला. ते साहेब गाव सोडताना आपली जड, काळी दुर्बीण तात्यांना देऊन गेले. दोन्ही डोळ्यांना लावायची, गळ्यात अडकवायची दुर्बीण. तिच्या भिंगांना बुरशी धरली म्हणून ती माझ्याकडे आली आणि त्या दिवसापासून मी नुसता सोयरा न राहता त्यांचा माणूस झालो. एका नळीची मोठी दुर्बीण का घेत नाही, असं मी विचारलं होतं. तात्या म्हणाले, "एक डोळा झाकून बघणं म्हंजी संशय घेणं. दोन्ही डोळ्यांनी बघणं म्हंजी भेट." बांधावर बाज टाकायची, पाठीवर पडायचं, कोपरं छातीला टेकवायची म्हणजे हात हलत नाही, आणि मग कृत्तिकांच्या झुबक्याला भेटायचं. ऊस गाळपाच्या दिवसांत क्षितिजावर कारखान्यांचे दिवे झगमगतात. तेव्हा तात्या त्या दिशेला पाठ करून पडतात आणि साखरेच्या उद्योगाला हळू आवाजात शिव्या देतात.

रोहिणी याच बाजेवर वाढली. बाप बोट दाखवी आणि पोरगी नाव सांगे. पुढे ती पदार्थविज्ञान शिकली, जर्मनीला गेली आणि नशिबाचा खेळ असा, की बापाच्याच धंद्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. तिथे जड अणूंचे गाभे, लोखंडाचे, कार्बनचे, अफाट वेगानं पळवतात आणि निरनिराळ्या पदार्थांच्या ठोकळ्यांवर आदळवतात. आभाळातून नेमका असाच मारा येत असतो, फुटून गेलेल्या ताऱ्यांनी उधळलेला. चंद्रावर, मंगळावर जाणाऱ्या माणसाला त्यापासून वाचवायला आडोसा कशाचा करावा, हे ही मंडळी शोधतात. तात्या गावभर सांगत हिंडायचे, "म्या जल्मभर मारा अडवला, आन् आमची पोरगी बसून मारा करती!" तक्रारीचा सूर असायचा, पण चहा ऐकणाऱ्याला तेच पाजायचे.

बापलेकीत एकदाच वाजलं, ते शिशावरून. सुट्टीला आली असताना रोहिणी सहज बोलून गेली, की या जड कणांना शिसं चालत नाही. जड कण शिशावर आदळला की फुटतो, त्याच्या ठिकऱ्या होतात, शिशाच्याही होतात, आणि एकाच्या जागी पंधरा अंगावर येतात. त्यापेक्षा हलकं बरं. पाणी बरं, साधं प्लॅस्टिक बरं. तात्यांचा घास हातात राहिला. शिशाबद्दल असं कुणी त्यांच्या घरात बोललं नव्हतं. "शिशानं माझं घर राखलं," एवढंच म्हणून ते उठले, आणि पोरीशी बोलणं बंद. माई म्हणाल्या, "बघा, माझ्याबद्दल कुणी काय बी बोललं तर ह्यांना राग येत न्हाय. शिशाबद्दल बोललं की लागतंय." चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी सकाळी तात्या गोठ्यामागून काहीतरी ओढत आणताना दिसले. शेततळ्याच्या बुडाला अंथरतात तो जाड काळा प्लॅस्टिकचा कागद, अस्तर करून उरलेला. त्याच्या घड्यांवर घड्या घालून त्यांनी तो आपल्या आणि माईंच्या पलंगावर छतासारखा टांगला. "हाय त्ये हाय," म्हणाले. "पोरीनं मापून बघितलंय. मापाम्होरं माझं काय चालतंय?"

एप्रिलचा महिना. त्या काळ्या छताखाली माईंची घामानं आंघोळ झाली. "मला शेततळ्याच्या बुडाशी निजल्यावानी हुतंय," त्या करवादल्या. रोहिणी हसत हसत म्हणाली, "तात्या, काढा ते. इथं त्याची गरजच नाही. आपल्या डोक्यावरची सगळी हवा म्हणजे तीस-बत्तीस फूट पाण्याइतका आडोसा आहे. जड कण वरच फुटतो, खाली येतो तो चुरा." तात्यांनी विचार केला आणि माईंकडे आदरानं बघत म्हणाले, "म्हंजी तू म्हनतीस त्येच बराबर. आपण बुडाशीच निजलोय." कागद निघाला. चुरा मात्र त्यांच्या डोक्यात कायमचा बसला.

आता त्यांच्या खऱ्या वेडाकडे येतो. लग्नात नवरानवरीला अरुंधतीचा तारा दाखवायची चाल आहे. सप्तर्षींच्या शेपटातला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला अगदी चिकटून बारीकशी अरुंधती. त्या दोघांसारखं जोडीनं राहा, असा त्याचा अर्थ. आता लग्नं लागतात भर दुपारी. भटजी मंडपाच्या कापडाकडे बोट दाखवून "अरुंधती बघा" म्हणतात, नवरानवरी वरच्या पंख्याकडे बघून "दिसली" म्हणतात, आणि सगळे पंगतीकडे धावतात. तात्यांना हे अजिबात खपत नाही. "संसाराची सुरवातच खोट्यानं?" असं म्हणत ते भर मांडवात नवरदेवाला अडवतात. भावकीतल्या, शेजारच्या, कुणाच्याही लग्नातल्या जोडीला ते बांधावर येण्याचं आमंत्रण देतात. उन्हाळ्यात संध्याकाळी सप्तर्षी वर असतात, तेव्हा या म्हणतात. हिवाळ्यात लग्न झालेल्यांना चैत्र-वैशाखापर्यंत "तुमचं राहिलंय" म्हणून रस्त्यात हटकतात. बाजाराच्या दिवशी एक नवी जोडी त्यांना चुकवायला भाजीच्या पाट्यांमागे बसलेली मी स्वतः बघितली आहे.

बरं, बांधावर येऊन नुसतं "दिसली" म्हणून सुटका नाही. तात्या परीक्षा घेतात. दुर्बीण हातात देतात आणि विचारतात, "वसिष्ठाच्या कुठल्या अंगाला?" वर, खाली, डावीकडं, उजवीकडं, नीट सांगावं लागतं. पाठ करून येणाऱ्याची इथे गोची होते. आभाळ फिरत असतं, त्यामुळे ती बाजू वेळेप्रमाणे आणि जागेप्रमाणे बदलते. वैशाखात रात्री आपल्याकडे ती उजव्या अंगाला, जरा खाली दिसते. उत्तर चुकलं की दोघांना पुन्हा बाजेवर आडवं केलं जातं. बरोबर आलं की माई दोघांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवतात. माझंही लग्न तिथंच पास झालेलं आहे. माझी बायको पहिल्या झटक्यात पास, मी दुसऱ्या.

गेल्या हिवाळ्यात तात्या दुकानात आले. माझ्या समोरच्या उंच स्टुलावर बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पाव्हणं, एक गंमत सांगतो. मला आता अंतराळवीरासारखं दिसाय लागलंय." अंतराळात गेलेल्या माणसांना डोळे मिटले तरी उजेडाच्या रेघा दिसतात, जड कण थेट डोळ्यातून जातो म्हणून, हे त्यांना रोहिणीनं सांगितलेलं. "मला बी दिसत्यात. दिव्याभवती कडं दिसतं. समोरनं गाडी आली की निस्ता फवारा!" त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. मी बॅटरी घेऊन त्यांच्या डोळ्यांत बघितलं. दोन्ही बाहुल्यांवर दूध सांडल्यासारखी साय होती.

"तात्या," मी म्हटलं, "हा तारा नाही. हा मोतीबिंदू आहे. तुम्हाला आभाळात काय दिसतं सध्या?"

त्यांनी फ्रेमच्या काचेच्या कपाटाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "चांद दिसतो. बाकी ठाव हाय."

बाकी ठाव हाय! म्हणजे हा माणूस कित्येक महिने बांधावर पडून, दुर्बीण डोळ्याला लावून, सगळं आभाळ पाढे म्हटल्यासारखं तोंडपाठ सांगत होता, आणि आम्ही माना डोलवत होतो. मी म्हटलं, उद्याच्या उद्या ऑपरेशन करू, बारामतीत आता वेळही लागत नाही. तर लगेच नियम बाहेर आला. "डोळ्याचं भिंग म्हंजी मागच्या पडद्याचा आडोसा. आडोसा काढून टाकल्यावर मागं काय ऱ्हातंय?" मी म्हटलं, "नवं भिंग बसवतात." "त्ये कुणी मापलंय?" "तात्या, मी चष्मेवाला आहे!" "म्हणूनच. तुमी कापा म्हणणारच."

मी चिडलो. तसा मी गिऱ्हाइकावर चिडत नाही. पण त्या दिवशी दुकानातल्या दुकानात आवाज चढला. तेव्हा खरं काय ते बाहेर पडलं. वैशाखात रोहिणीचं लग्न होतं. "पाव्हणं," ते म्हणाले, "आत्ता पुसट का हुईना, पोरीचं तोंड दिसतंय. कापताना इपरीत झालं तर तिचं लगीन न्हाय दिसायचं. लगीन हू द्या. मंग तुमी म्हणाल तितं मान ठेवतो. पर तवर कुणाला बोलायचं न्हाय. गावातल्या समद्या पोरींस्नी म्या अरुंधती दावली. माझ्या पोरीला मीच दावणार." मी शब्द दिला.

नवरदेव पणदऱ्याचा. घरी ऊस आणि मोठा गोठा, स्वतः जर्मनीत रोहिणीच्याच गावी यंत्रांची रेखाटनं करणारा. मुलगा सालस, पण त्याला खोटं बोलताच येत नाही. पोह्यांच्या कार्यक्रमात माईंनी कौतुकानं विचारलं, "पोहं कसं झाल्यात?" तर हा म्हणाला, "मीठ जास्त झालंय." त्याच्या आईनं कपाळाला हात लावला. तात्या माझ्या कानाशी लागले, "ह्यो माणूस न्हाय, मीटर हाय. जितकं असंल तितकंच दावतो." त्या दिवसापासून जावयाचं नाव मीटर पडलं.

तात्यांनी गोरज मुहूर्त धरला, म्हणजे लग्न लागलं की तासाभरात अंधार आणि लगेच अरुंधती. मला एकट्याला त्यांनी बांधावर नेऊन तयारी दाखवली. जिथं उभं राहायचं तो दगड चुन्यानं रंगवला होता. "ह्या दगडावर उभं ऱ्हायचं. शेजाऱ्याच्या नारळाचा शेंडा मला काळा काळा दिसतो. मुहूर्त झाल्यावर तासाभरानं वसिष्ठ बराबर त्या शेंड्यावर. दुर्बीण तिकडं धरायची, पोरीच्या हातात द्यायची, संपलं." मी म्हटलं, "आणि लग्न वेळेवर लागलं नाही तर?" तात्यांनी माझ्याकडे तुच्छतेनं बघितलं. "माझ्या पोरीचं लगीन हाय."

आता इंदापूर तालुक्यात आजवर कुठलं लग्न वेळेवर लागलंय? वरात वेशीपाशी अडली, कारण पणदऱ्याच्या पोरांना नाचायचं होतं. तात्यांनी आवाजाच्या भिंतींभोवती लाल-पांढरी पट्टी बांधून घेतली, तर पोरं त्या पट्टीच्या आत शिरून नाचली. मग पुढाऱ्यांचे सत्कार, मग पुढाऱ्यांचे आशीर्वाद, मग राहिलेल्या पुढाऱ्यांचे सत्कार. अक्षता पडल्या तेव्हा चांगलंच अंधारलं होतं. तात्यांना मात्र घड्याळ दिसत नव्हतं आणि विचारायला लाज वाटत होती. अक्षता पडल्या पडल्या ते आनंदानं ओरडले, "चला बांधावर!" शालू सावरत रोहिणी, मुंडावळ्या उचलत मीटर, मागून माई, ताई, दाजी आणि मी, अशी वरात शेततळ्याकडे निघाली.

तात्या चुन्याच्या दगडावर उभे राहिले, नारळाचा शेंडा हेरला आणि दुर्बीण तिकडे धरली. मी वर बघितलं. सप्तर्षी केव्हाच नारळ सोडून कितीतरी वर सरकले होते. शेंड्यावर काही नव्हतं. नुसतं काळं आभाळ.

रोहिणीनं दुर्बीण डोळ्याला लावली. ती ज्या आभाळाखाली वाढली ते तिला परकं थोडंच होतं! तिनं दुर्बीण खाली घेतली, वर एक नजर टाकली, मग बापाच्या तोंडाकडे बघितलं. बघतच राहिली. 

"दिसली, तात्या," ती म्हणाली.

"कुठल्या अंगाला?"

"उजव्या. जरा खाली."

"शाब्बास!" तात्या म्हणाले. "आता जावईबापू."

मीटरनं दुर्बीण घेतली. रोहिणी त्याच्या उपरण्याचं टोक जोरजोरात ओढत होती. तो शांतपणे बघत राहिला आणि म्हणाला, "नाही दिसत. इथं असा ताराच नाही."

माईंना काही कळेना, दाजी माझ्याकडे बघायला लागले. तात्या दगडावरून सावकाश उतरले आणि बाजेवर बसले. मला वाटलं, आता हा माणूस मोडणार. तर ते हसायला लागले. आधी मिशीतल्या मिशीत, मग खांदे हलेपर्यंत.

"जावई पास," ते म्हणाले. "पोरगी नापास." आणि मग खाली मान घालून, "मला बी दिसत न्हाय, रोहिणे. लय दिवस झालं."

रोहिणी शालूसकट त्या धुळीत त्यांच्यापाशी बसली आणि रडली. माई पेटल्या. आपल्यापासून लपवलं म्हणून त्यांनी त्यांना, मला, दाजींना आणि बाजेलासुद्धा धारेवर धरलं. या वेळी तात्या उठून कुठे गेले नाहीत. सगळं जवळ बसून ऐकून घेतलं.

नव्या नवरीनं आपलं जाणं लांबवलं आणि हळदीच्या हातांनी बापाला बारामतीला आणलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी तिथंच होतो. डॉक्टरांनी विचारलं, "काय दिसतंय?" तात्या समोर उभ्या पोरीकडे टक लावून बघत होते. सगळ्यांना वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार.

"केस पांढरं झालं गं तुझं," ते म्हणाले. "मला कुणी सांगितलं न्हाय."

"दोनच आहेत, तात्या," रोहिणी म्हणाली, आणि डोक्यावरून पदर ओढून घेतला.

ती निघाली तेव्हा आभाळ भरून आलं होतं. दुसरा डोळा राहिला होता आणि अरुंधतीही राहिली होती. एरवी लेकीच्या निरोपालाही तात्यांचा नियम चुकत नसे. फाटकाच्या आतून, लांबूनच, हात वर करून "बरं, या" म्हणत आणि आत वळत. या वेळी ते गाडीपाशी गेले आणि खिडकीतून तिचा हात धरून उभे राहिले. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. तिसऱ्यांदा वाजवायला हात उचलला तेव्हा माईंनी त्याच्याकडे असं काही बघितलं, की त्यानं गाडीच बंद केली.

दिवाळीनंतर मी ताईकडे गेलो होतो. तात्यांचे दोन्ही डोळे आता लख्ख. दुपारभर ते जेवणाच्या ताटावर पिठाचे सात ठिपके काढून ताट गोल गोल फिरवत बसले होते. विचारलं तर म्हणाले, "तितं आभाळ कसं फिरल्यालं असंल त्ये बघतोय." जर्मनी एवढ्या उत्तरेला, की तिथे सप्तर्षी मावळतच नाहीत. आपल्याकडे मात्र या दिवसांत संध्याकाळी ते दिसत नाहीत, उगवतात ते पहाटेकडे. जेवणं उरकल्यावर आम्ही दोघं बांधावर बाजा टाकून पडलो. तात्यांच्या छातीवर दुर्बीण होती आणि कानाशी फोन.

"तात्या, आत्ता समोर आहे," रोहिणीचा आवाज आला. तिच्याकडे संध्याकाळ नुकती सरली होती.

"कुठल्या अंगाला?"

"डाव्या. जरा वर."

मी उठून बसलो. आपल्याकडे आजवर हे उत्तर कुणी दिलं नव्हतं. तात्यांनी मला हातानं गप्प केलं. त्यांच्या ताटानं दुपारी हेच सांगितलं असणार.

"तुझा इस्वास न्हाय," ते म्हणाले. "फोन मीटरकडं दे."

जावयाचा शांत आवाज आला. "दिसली, तात्या. डाव्या अंगाला, वर. अगदी बारीक आहे." मग थोडं थांबून, "आणि हिच्या डोळ्यांत पाणी आहे. थंडीचं म्हणते. पण इथं एवढी थंडी नाही."

तात्या फोन छातीवर ठेवून पडून राहिले. आतून दोघांचे "हॅलो, हॅलो" बारीक ऐकू येत होते. मग त्यांनी फोन तोंडापाशी नेला, "पास," म्हणाले, "दोघं बी पास," आणि बंद केला.

मग त्यांनी दुर्बीण उचलली, कोपरं छातीला टेकवली आणि उत्तरेला धरली. मी म्हटलं, "तात्या, आत्ता तिथं काही नाही. पहाटे उगवतील."

"मला ठाव हाय," ते म्हणाले, आणि तिकडंच बघत राहिले.